तुमचा रुमाल माझ्याकडे आहे

कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली

रुमालवाले भाऊ,



पांढरा सुती रुमाल आहे, कडेला निळ्या रेघा, एका कोपऱ्यात तंबाखूचा पिवळट डाग. दोनदा साबण लावून धुतला, डाग गेला नाही. उन्हात वाळवून, घडी करून फडताळात ठेवला आहे. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, वसमतहून संध्याकाळी कुरुंद्याला येणाऱ्या गाडीत तुम्ही तो विसरून उतरलात. तुम्हाला तो आठवतही नसेल. मला त्या रुमालाची आठवण रोज होते, म्हणून हे पत्र.

तुमचं नाव मला ठाऊक आहे. गाव एकच, त्यामुळे गल्लीही ठाऊक आहे. दोन्ही लिहीत नाही. तुमच्यासारखे भाऊ प्रत्येक गाडीला आठ-दहा तरी असतात आणि हे पत्र त्या सगळ्यांना आहे. तुम्ही फक्त त्या दिवशी माझ्या वाट्याला आलात.

त्या दिवशी काय झालं, ते माझ्या बाजूनं सांगते. धाकटी दहा महिन्यांची. तिला तीन दिवस ताप होता, छाती घरघरत होती. तिला दाखवायला पहाटे नांदेडला निघाले होते. थोरल्याला बरोबर घ्यावंच लागलं, कारण त्याचे वडील कामाला पुण्यात आणि सासूबाई लग्नाला गेलेल्या. थोरला साडेचार वर्षांचा आहे. दवाखान्यात दुपारचे दोन वाजले. नांदेडहून वसमत चाळीसेक किलोमीटर, ते आम्ही कसेबसे बसून आलो. वसमतच्या स्टँडवर कुरुंद्याच्या गाडीची वाट पाहत तासभर काढला. फरशी तापलेली होती, थोरला एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. माझ्या एका खांद्याला पिशवी, कडेवर लेकरू, दुसऱ्या हातात थोरल्याचं बोट.

गाडी फलाटाला लागायच्या आत तुम्ही धावलात. चाक फिरत होतं, तेव्हाच तुमचा हात खिडकीतून आत गेला आणि रुमाल सीटवर पडला. तुमच्या मागे तिघा-चौघांनी तेच केलं. कोणी टोपी टाकली, कोणी पिशवी, एकानं तर पायातली चप्पल. मग तुम्ही सगळे निवांत झालात. दारात जी रेटारेटी झाली ती आमची झाली, बायकांची, म्हाताऱ्यांची, दप्तरवाल्या पोरींची. ज्यांचे हात मोकळे होते त्यांच्या जागा आधीच झालेल्या होत्या.

मी चढले तेव्हा निम्मी गाडी रिकामी होती, आणि बसायला एकही जागा नव्हती. जागोजागी कापडं बसली होती.

थोरल्याला हे काय कळणार? त्याला रिकामी सीट दिसली, तो जाऊन बसला. रुमाल त्यानं उचलून मांडीवर ठेवला, नीट ठेवला, खाली टाकला नाही. तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्ही म्हणालात, “ए बाळ्या, ऊठ. रुमाल दिसत नाही का?” तो उठला. मी म्हणाले, भाऊ, लेकराला जरा बसू द्या, सकाळपासून हिंडतंय. तुम्ही विचारलंत, “त्याचं तिकीट काढलं का?” मी गप्प बसले. मग तुम्ही शेजारच्याकडे बघून, पण मला ऐकू येईल असं, म्हणालात, “एवढ्या गर्दीत लेकरं घेऊन निघावंच कामून?”

गाव जवळ आलं तेव्हा रस्त्यात एक म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. त्यानं दाबला, ते योग्यच केलं. थोरल्यानं माझ्या पदराचं टोक धरलं होतं. पदराला धरून माणूस तोल सावरू शकत नाही. त्याचं तोंड पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं. ओठ फुटला. तो रडला, तो रडतो म्हणून धाकटी रडली. मागच्या बाकावरच्या नऊवारीतल्या एका आजीनं त्याला ओढून मांडीवर घेतलं. तिच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला होता, तरी घेतलं. तुम्ही मोबाइलमधून मान वर केली, पाहिलंत आणि पुन्हा खाली घातली.

कुरुंद्याला तुम्ही सगळ्यांच्या आधी उतरलात. सीटवर तुमचा रुमाल राहिला. तो थोरल्यानं पाहिला. ओठ सुजलेला, डोळ्यांत पाणी, आणि तो म्हणाला, “आई, त्या काकांचा रुमाल राहिला.” तो घेऊन तो दारापर्यंत पळाला. तुम्ही तोवर कोपऱ्यावरून वळला होतात.

भाऊ, मला राग तुमच्या बसण्याचा नाही. तुम्ही थकलेले असाल. तुम्ही विचारलेल्या दोन प्रश्नांचा मात्र राग आहे, आणि त्यांची उत्तरं त्या गर्दीत मला देता आली नाहीत. आज देते.

पहिला प्रश्न तिकिटाचा. एसटीत पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं लागतं. हा नियम आहे. थोरल्याला तिकीट नव्हतं, म्हणून नियमानं त्याला वेगळी जागा मागता येत नाही, हेही मी मान्य करते. पण माझं तिकीट होतं. मीही उभीच होते. आणि भाऊ, रुमालाचं तिकीट तुम्ही कधी काढलंत? साध्या गाडीत जो आधी चढेल त्याची जागा. तुम्ही माझ्यानंतर चढलात. आधी चढला तो तुमचा रुमाल, तोही खिडकीतून. हाडामांसाच्या लेकराला तिकिटाविना जागा नाही म्हणता आणि वीतभर कापडाला आहे म्हणता, हा हिशेब कोणत्या नियमात बसतो ते मला दाखवा.

तुमच्या शेजारच्यानं त्यात आणखी एक वाक्य घातलं होतं: “आता बायांना हाफ तिकीट झालं, म्हणून सगळ्या गाडीतच.” तुम्ही मान डोलावलीत. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. ती सवलत सरकारनं जाहीर केली आहे आणि राहिलेल्या निम्म्या भाड्याचा भार सरकारनं उचलायचा आहे. तुमच्या वडिलांची पंच्याहत्तरी झालेली आहे, ते 26 ऑगस्ट 2022 पासून फुकट प्रवास करू शकतात, आणि करतात. त्यांना कोणी गाडीत म्हटलं का, फुकट आलात तर उभे राहा? म्हणू नये. म्हातारा माणूस आहे, त्याला बसायला मिळालंच पाहिजे. माझं म्हणणंही तेवढंच आहे. आणि 2023 च्या आधी आम्ही बाया पूर्ण भाडं भरून याच रस्त्यानं येत होतो, तेव्हाही खिडकीतून रुमाल पडतच होते.

आता दुसरा प्रश्न. लेकरं घेऊन निघावंच कामून?

हा प्रश्न मला फार लागला, कारण तो विचारणाऱ्याला वाटतं की आम्ही हौसेनं निघतो. मेच्या उन्हात, तापानं फणफणलेलं लेकरू कडेवर घेऊन, फाटलेल्या सीटच्या गाडीत हौसेनं कोण बसतं? गावात आरोग्य केंद्र आहे, तिथं डोस मिळतात, साधा ताप-खोकला निभतो. छाती घरघरायला लागली की लेकरांचा डॉक्टर लागतो आणि तो वसमतला किंवा नांदेडला असतो. लेकराचा ताप गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे चढत नाही. गर्दी कमी असेल तेव्हा आजारी पड, असं त्याला सांगता येत नाही.

लेकरू घरी ठेवून निघा म्हणाल. ठेवायचं कोणापाशी? घरात मागे राहणारं माणूस असावं लागतं. आमच्या भागातली कितीतरी कर्ती माणसं पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेली. मागे राहिल्या त्या बायका आणि म्हातारी माणसं. म्हातारं माणूस स्वतःच आजारी असलं की त्याला दाखवायला न्यायचं, तेव्हाही लेकरं कडेवरच. बँकेत अंगठा द्यायचा, तहसीलला कागद द्यायचा, लेकराचं आधार काढायचं. आधार काढायला तर लेकरू न्यावंच लागतं, त्याचा फोटो घरी बसून निघत नाही.

आणि माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हा आपला रिवाज. सव्वा महिन्याचं, दोन महिन्यांचं बाळ घेऊन सून सासरी परत येते ती कशानं येते? ज्यांच्या घरी गाडी आहे ते गाडी पाठवतात. बाकीच्या एसटीनं येतात. टोपडं, दुपटं, काजळाचा टिळा, हातात बाळंतविड्याची पिशवी. तुमची बहीण अशीच आली असेल. तुमची बायको अशीच आली असेल. तुम्ही स्वतः कोणाच्या तरी मांडीवर, याच लाल गाडीतून, पहिल्यांदा या गावात आला असाल. पंचमीला, राखीला, दिवाळीला बाई माहेरी जाते, लेकरं बरोबर असतात. शिवरात्रीला औंढ्याला जाते, लेकरं बरोबर असतात. कोणाचं बरंवाईट झालं की रडत निघते, तेव्हाही लेकरं बरोबर असतात. बाई म्हणजे लेकरांसकट बाई, भाऊ. ती लेकरं सोडून निघाली तर तुम्हीच विचाराल, लेकरं टाकून कुठं चालली?

जुन्या काळचं सासूबाई सांगतात. त्यांच्या लहानपणी वसमतच्या बाजाराला, जत्रेला बैलगाडीनं जात. गाडीत कडबा पसरायचा, त्यावर गोधडी, आणि सगळ्यात आधी मधोमध लेकरं बसवायची, कारण कडेला बसलेलं लेकरू खड्ड्यात उडून पडतं. त्यांच्या भोवती बाया. धुरकरी पुढे. गडीमाणसं पायी चालायची आणि चढ आला की मागून गाडीला हात लावायची. लेकराला जागा द्या असं कोणी म्हणत नसे, जागा त्यांचीच असायची. 1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, मग हळूहळू ती आपल्याकडच्या खेड्यांतही आली. गाडी मोठी झाली, पत्रा आला, खिडक्या आल्या. मधोमध लेकरू बसवायची रीत मात्र गाडीत चढताना मागेच राहिली.

उभ्यानं लेकरू सांभाळणं म्हणजे काय, ते एकदा सांगते, कारण मला वाटतं तुम्हाला ते खरंच माहीत नाही. तुम्ही उभे राहता तेव्हा तुमचे दोन्ही हात वरच्या दांडीला असतात. माझा एक हात लेकराच्या बुडाखाली, दुसरा त्याच्या पाठीला. दहा महिन्यांच्या लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, मान अजून कोवळी. ब्रेक लागला की ते डोकं पुढं झोकलं जातं, ते धरायला मला तिसरा हात लागतो. आधाराला म्हणून मी कंबर सीटच्या कडेला टेकवते. थोरल्याला धरायला हात उरतच नाही, म्हणून तो पदर धरतो. त्याची उंची तुमच्या कमरेएवढी. गर्दीत त्याच्या तोंडाशी लोकांच्या पिशव्या, कोपरं, पट्ट्याची बक्कलं येतात. वर तुम्हाला खिडकीचा वारा लागतो, खाली त्याला लागत नाही. मोठा माणूस तहान लागली की बाटली तोंडाला लावतो. लहान लेकरू नुसतं मलूल होतं, आणि मेच्या दुपारी ते फार लवकर मलूल होतं. त्याचा ओठ फुटला यात नवल काहीच नव्हतं. दात पडला नाही, एवढंच.

अंगावर पिणाऱ्या लेकराचं तर विचारू नका, पण मीच सांगते. सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि दोन वर्षांपर्यंत इतर अन्नाबरोबर आईचं दूध, हे आशाताई घरोघरी सांगतात, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. भूक लागली की लेकरू रडणार. एसटीनं स्थानकांत हिरकणी कक्ष केले, ही चांगली गोष्ट झाली. रायगडाचा कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेल्या गवळणीची ती आख्यायिका, तिच्या नावानं. त्याच नावाच्या निमआराम गाड्याही एसटीनं रस्त्यावर आणल्या. पण कक्ष स्थानकात असतो. गाडी सुटल्यावर बाईला भिंत नसते. तिला खिडकीकडची जागा मिळाली तर ती खिडकीकडे तोंड करून, पदर ओढून पाजू शकते. उभ्या बाईला काय पाजता येणार? लेकरू रडत राहतं, आणि मग मागून आवाज येतो, “त्या पोराला गप करा ना.” फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी सांगितलं की सार्वजनिक जागी आईनं बाळाला पाजणं हा लाजेचा, कलंकाचा विषय करू नका. देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाला हे सांगावं लागलं. पाजायला बसायची जागा रिकामी करून द्या, हेही आता न्यायालयानंच सांगायचं का, भाऊ? ते तर आपल्याला घरी शिकवलेलं आहे.

दूर लंडनमध्ये गरोदर बायांना एक बिल्ला फुकट मिळतो, ‘बेबी ऑन बोर्ड’ लिहिलेला. पहिल्या महिन्यांत पोट दिसत नाही, लोकांना कळत नाही, म्हणून बिल्ला. तो दिसला की समोरच्यानं उठावं अशी अपेक्षा असते. आपल्या रेल्वेनं मे 2022 मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात आईच्या बर्थला बाळासाठी छोटा जोड लावून पाहिला होता. माझ्या कडेवरचं लेकरू तर सगळ्या गाडीला दिसत होतं. त्याला बिल्ला कशाला लागतो?

आता तुमची बाजू. ज्या गावाचं नाव विचारवंत नरहर कुरुंदकरांनी आडनाव म्हणून मिरवलं, त्या गावात राहून समोरच्याची बाजू न मांडता त्याला दोष देणं बरं नाही. कुरुंदकर आधी विरोधकाचा मुद्दा त्याच्यापेक्षा नीट मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे, असं त्यांना ऐकलेली माणसं सांगतात. मला ते तसं जमणार नाही, पण प्रयत्न करते.

तुम्ही दिवसभर मोंढ्यात हळदीची पोती उचलत असाल. पाठ धरली असेल. गाड्या मोजक्या, ही चुकली तर पुढची रात्री. रुमाल टाकला नाही तर दुसरा टाकणार, आणि मग तुम्ही उभे. सगळे टाकतात म्हणून तुम्ही टाकता. उठून जागा दिली तर ती बाई बसेल का आणखी कोणी धटिंगण बसेल, याची खात्री नाही. हे सगळं मला पटतं. गाड्या वाढल्या पाहिजेत, संध्याकाळची एक तरी जास्त गाडी आपल्या रस्त्याला पाहिजे. त्यासाठी अर्ज करायचा असेल तर मी पहिली सही करीन, आणि बाया गोळा करून आणीन.

पण भाऊ, गाड्या दुप्पट झाल्या तरी खिडकीतून हात घालणारा माणूस आधी बसणार आणि जिच्या हातात लेकरू आहे ती मागे राहणार. कारण तुमची युक्ती चालते ती हात मोकळे असण्यावर. लेकरू घेतलेल्या बाईशी तुम्ही शर्यत लावता, आणि ती धावूच शकत नाही हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच आहे. तुम्ही वाईट माणूस नाही. वाईट असता तर मी पत्र लिहिलं नसतं, थोरल्याला घेऊन घरी गेले असते आणि विसरले असते.

जुलै 2022 मध्ये आपल्या गावात नदीचं पाणी शिरलं ती रात्र तुम्हाला आठवते. घराघरात पाणी, वीज गेलेली, अंधारात नुसता आवाज. तेव्हा थोरला दीड वर्षाचाही नव्हता. त्याला आमच्या दारातून उचलून शेजारच्या माडीवर कोणी नेलं, मला आजही माहीत नाही. एक हात पुढं आला, मी लेकरू दिलं. कोणाचा हात आहे हे मी विचारलं नाही आणि त्या हातानं कोणाचं लेकरू आहे हे विचारलं नाही. तो हात तुमचाही असू शकतो. त्या रात्री या गावातला कोणता गडी असा होता, ज्यानं लेकराच्या आधी स्वतःची पिशवी उचलली?

10 जुलै 2024 च्या सकाळी सव्वासातच्या सुमाराला जमीन हलली. साडेचार तीव्रतेचा धक्का होता, भांडी पडली, पत्रे वाजले. त्याच वर्षी मार्चमध्येही असंच झालं होतं. या पट्ट्याला जमिनीतून येणारे आवाज नवीन नाहीत, तरी त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर आलं. तुम्हीही आला होतात. मी तुम्हाला पाहिलं. तुमच्या कडेवर तुमची पुतणी होती, एका पायात चप्पल नव्हती. घरात पैसा होता, मोबाइल होता, तुम्ही आधी लेकरू उचललंत. रुमाल कुठं होता ते तुम्हाला त्या वेळी आठवलंही नसेल.

तोच माणूस वसमतच्या स्टँडवर वेगळा का होतो? पुरात, भूकंपात लेकरू आधी, आणि गाडीत रुमाल आधी, हे मला कळत नाही. मी खूप विचार केला. एवढंच सुचलं की पुरात तुम्हाला लेकरू बुडताना दिसतं. गाडीत ते तुम्हाला दिसत नाही, कारण ते तुमच्या कमरेच्या उंचीवर असतं आणि तुम्ही मोबाइलमध्ये असता. म्हणून मी इतकं लांबलचक लिहिलं.

आणखी एक गोष्ट, तुमच्यापेक्षा माझ्या घरातली. त्या संध्याकाळनंतर चार-पाच दिवसांनी थोरला अंगणात गाडी-गाडी खेळत होता. दोन पाट मांडले होते. खेळायला शेजारची मुलगी आली, त्याच्याहून लहान. ती पाटावर बसणार तेवढ्यात त्यानं फडकं टाकलं आणि म्हणाला, “ऊठ, रुमाल दिसत नाही का?” अगदी तुमच्या आवाजात. मी चुलीपाशी होते. हातातली भाकरी तव्यावर करपली. मी त्याला रागावले नाही. जवळ घेतलं आणि विचारलं, तुझा ओठ फुटला होता तेव्हा तुला काय वाटलं? तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं जाऊन फडकं उचललं. तो साडेचार वर्षांचा आहे, त्याला एकदा विचारलं की कळतं. पण त्याला शिकवलं कोणी, भाऊ? मी साडेचार वर्षं घरात जे शिकवते ते तुम्ही अर्ध्या तासात गाडीत पुसून टाकता. गाडीत लेकरं नुसती बसून किंवा उभी येत नाहीत, ती सगळं बघत येतात.

तेव्हा माझं मागणं ऐका. रुमाल टाकायची तुमची सवय एका दिवसात जाणार नाही, हे मी जाणते. तुमचा हात लांब आहे, नेम चांगला आहे, चालत्या गाडीच्या खिडकीत तो बरोबर पडतो. मग तो टाकायचाच असेल तर फलाटावर आधी एकदा मागे वळून बघा. कोणाच्या कडेवर लेकरू आहे, कोणाच्या पोटात आहे, कोण काठी टेकत आहे, ते पाहा. तिला सांगा, ताई, तुमच्यासाठी जागा धरतो. आपल्या गावची कॉलेजची दोन पोरं हे करताना मी पाहिलेली आहेत. ती एका म्हातारीसाठी जागा धरतात, ती चढली की उठतात आणि सबंध रस्ता उभी राहून हसत-खिदळत येतात. त्यांचे पाय काही लोखंडाचे नाहीत.

तेही नको असेल तर एवढं तरी करा: सीटवर लेकरू बसलेलं दिसलं तर त्याला उठवू नका. ते त्यातली वीतभर जागा घेतं. सरकून बसा आणि त्याला कडेला नको, मधे घ्या.

आणि “निघावंच कामून” हे पुन्हा कोणत्याच बाईला म्हणू नका. ती तुम्हाला कारण सांगत बसणार नाही. तिला कारण असतं.

येत्या मंगळवारी धाकटीला पुन्हा दाखवायला नांदेडला न्यायचं आहे. तिची छाती आता बरी आहे, डॉक्टरांनी एकदा तपासायला बोलावलं आहे. थोरला बरोबर असेल. परत येताना वसमतहून तीच संध्याकाळची गाडी. तुमचा रुमाल त्यानं स्वतःच्या खिशात ठेवायचं ठरवलं आहे. काकांना मीच देणार, म्हणतो. आम्ही दारातून चढू. तुम्हीही त्या दिवशी दारातूनच या.

— दोन लेकरांची आई